बिनवासाची माती

सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्यापाशी पोचताच शर्वाणीने ओढणी नाकाला लावली. माती तपासणं हे तिचं रोजचंच काम, पण असला वास! पावसाचं पाणी या वाफ्यातल्या मातीतून गाळून सोसायटीच्या तळ्यात सोडत, आणि खत जास्त झालं की मातीतले जिवाणू सडक्या अंड्यांचा वास सोडत. वेळीच इशारा मिळावा म्हणून त्यांना मुद्दाम तसंच घडवलं होतं. वाफ्यात निर्माल्याचा चिखल झाला होता आणि त्यावर अभिषेकाचं दूध नासलं होतं.

"ही घाण काढा आधी," ती चेअरमन निफाडकरांना म्हणाली.

"देवाचं निर्माल्य म्हणजे घाण? झाडांना खतच होतं की! तुमची मातीच नासकी आहे, ती बदलून द्या."

सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज शर्वाणीच्या ऑफिसात गेला. तिच्या साहेबांना कटकट नको होती; त्यांनी बिनवासाची माती पाठवून दिली. बायकांनी नव्या मातीची ओटी भरली आणि वर तांब्याभर दूध ओतलं.

दोन महिन्यांनी शर्वाणी आली, तेव्हा तळ्यावर हिरवी साय धरली होती. निफाडकर बाटली घेऊन धावतच आले.

"मॅडम, तळ्याचंच पाणी आमच्या नळाला येतं ना, त्याला घाण वास येतोय. मातीचा घालवलात, तसा तेवढा याचाही घालवून द्या की!"