परवाचं हसू

"ही सगळी वाचण्यासारखी आहेत का हो?" वंदनानं विचारलं. हैदराबादच्या मलकपेठेतल्या त्या माडीवर बिऱ्हाड मांडून तिला आठवडाही झाला नव्हता. फळीवर एकाच मालिकेची तीसेक पुस्तकं दाटीवाटीनं उभी होती. फजितपूर गावचा विसराळू मांत्रिक आणि त्याचे उलटे पडणारे मंत्र.

"हौ, वाचा की," घरमालकीण सावित्रीबाई म्हणाल्या. "आमचा ओमकार परवाच त्यातलं एक वाचून असा हसला, असा हसला! मी खालून ओरडले, पोट्ट्या, माडी पाडतोस का?"

वंदनाला हायसं वाटलं. नवरा, किशोर, नव्यानंच निघालेल्या कंप्युटरच्या कंपनीत दिवसभर अडकलेला. पुण्याहून आलेल्या तिला इथं बोलायला माणूस नव्हतं. हा ओमकार भेटला की त्यालाच विचारू, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करायची ते.

ओमकार काही भेटला नाही. दाराशी चपला फक्त म्हाताऱ्या नवराबायकोच्या. दोरीवर त्याचा एक शर्ट नाही. पण दुपारी ती पुस्तक उघडून बसली, की खाली भांड्यांचा आवाज थांबायचा आणि जिन्याच्या तळाशी कुणीतरी येऊन उभं राहायचं. वर चढायचं नाही, हाक मारायचं नाही. नुसतं उभं.

बरं, पुस्तकं तरी धड असावीत! तोच मांत्रिक, तीच फजिती. दोन तिनं कशीबशी संपवली, तिसरं अर्ध्यावर मिटलं आणि ती तरातरा खाली गेली. सावित्रीबाईंचे यजमान एकनाथराव अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते.

"काका, ओमकारला सांगा, मला नाही जमली त्याची पुस्तकं. आणि दुपारी जिन्यात कोण असतं हो? मला भीती वाटते. आम्ही दुसरी जागा बघतो."

एकनाथरावांनी तांब्या खाली ठेवला.

"तुमच्या पुण्यात परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस," ते म्हणाले. "आमच्या हैदराबादेत परवा म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. माझं लग्नसुद्धा परवाच झालं. ओमकारला जाऊन सहा वर्षं झाली, पोरी. ती त्याचीच खोली. जिन्यात ही असते. तुम्ही वाचायला बसलात की कान लावून उभी राहते. बघा जागा, आमचं काही म्हणणं नाही."

वंदना वर आली आणि मिटलेलं पुस्तक तिनं पुन्हा उघडलं. मांत्रिक पावसासाठी मंत्र म्हणतो आणि पाऊस राहतो बाजूला, गोठ्यातली म्हैसच बोलायला लागते. तिचं पहिलं वाक्य, "आधी पगाराचं बोला."

विनोद बेताचाच होता. खाली भांड्यांचा आवाज थांबला.

वंदनानं डोळे पुसले आणि ती हसली. मोठ्यानं, माडी दणाणेल असं. हसू ओढूनताणून आणलेलं होतं, पण मग थांबवू म्हटलं तरी थांबेना.

जिन्याच्या तळाशी सावित्रीबाईंचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? ओमकार आज हसला."