बाईंसाठी केलेल्या शेवया

नवरा मारोती रानातून यायच्या आत गठुडं बांधून व्हायला पाहिजे, म्हणून सरजाबाईची घाई चालली होती. शेवया, कुरडया आणि डबाभर कारळाची चटणी. सोनकांबळे बाईंना ही चटणी आवडते, असं लेक ऋतुजा कधीतरी बोलून गेली होती. जुन्या लुगड्याचे काठ जोडून सरजाबाईनं बाईंना शाळेत न्यायला एक पिशवीही शिवली होती.

शेवया नव्या होत्या. गेल्या वर्षी लेकीच्या रुखवतासाठी केलेल्या शेवया तिनं तेव्हाच जावांना वाटून टाकल्या होत्या. त्यातली काडीसुद्धा घरात ठेवली नव्हती.

तेव्हा ऋतुजाची नववी नुकती झाली होती. थोरले दीर अमृतराव यांनी चाकूरकडचं स्थळ आणलं आणि सगळं ठरवूनच घरी सांगितलं. त्यांच्यापुढं मारोतीचा आवाज आजवर कधी निघाला नव्हता. तेव्हाही निघाला नाही. "दादा म्हनतेत तर बरोबरच आसंल," एवढंच तो म्हणाला. सरजाबाईनं रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. तो उठून गोठ्यात जाऊन बसायचा. हळदीच्या आदल्या दिवशी तर बँडवाल्याला इसार द्यायचा म्हणून सकाळीच मुखेडला गेला आणि दिवेलागणीला परत आला. लेकीच्या लग्नाची त्याला एवढी हौस होती.

दुसऱ्या दिवशी हळद कालवून ठेवली होती, तोच मांडवापुढं जीप उभी राहिली. पोलीस उतरले, तालुक्याचे साहेब उतरले आणि मागच्या बाजूनं उतरल्या ऋतुजाच्या वर्गाच्या सोनकांबळे बाई. लग्न थांबलं. पोरीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं साहेबांनी मारोतीकडून लिहून घेतलं.

सही करून मारोती उठला तो थेट बाईंच्या अंगावर गेला.

"माझ्या लेकराच्या लग्नात माती कालवनारी तू कोन गं? मास्तरीन हायेस तर शाळेत ऱ्हा की! आमच्या इज्जतीचा तमाशा करायला आलीस व्हय?"

पुढं तो जे बोलला, ते बायाबापड्यांनी कानावर पदर ओढून ऐकलं. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत. शेवटी अमृतरावांनीच धाकट्या भावाला धरून मागं ओढलं.

त्या दिवसापासून सरजाबाईचं नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं राहिलं. जेवायला वाढलंय, बैलांना पाणी दाखवलंय, एवढंच. पुढं दिवाळीत अमृतरावांनी पुन्हा विषय काढला. परगावी नेऊन गुपचूप उरकून टाकू म्हणाले. मारोती म्हणाला, "न्हाई दादा. कागदावर सही माझी हाय. जेलात मला जावं लागंल."

सरजाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. पोरीची माया न्हाई, जेलाची भीती तेवढी हाय, असं तिच्या मनात आलं.

आता ऋतुजा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. लातूरच्या कॉलेजात तिचं नाव घातलं होतं. वसतिगृहात जायच्या आधी लेकीनं आईला एकच सांगितलं होतं, "बाईंना भेटून ये."

दारात चपला वाजल्या. मारोती लवकर आला होता. त्यानं गठुड्याकडं पाहिलं.

"बाजाराला चाललीस?"

"हाव."

"यष्टी चुकंल. फाट्यावर सोडतो."

त्यानं गठुडं मोटारसायकलच्या टाकीवर आपल्यापुढं ठेवलं. खड्डा आला की एका हातानं सावरायचा. आत काय आहे, कुणासाठी आहे, काहीच विचारलं नाही. यष्टी आल्यावर ते नीट तिच्या मांडीवर देऊन तो माघारी फिरला.

सोनकांबळे बाई मुखेडला दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. सरजाबाईला दारात पाहून त्या आधी चमकल्या, मग हात धरून त्यांनी तिला आत नेलं. चटणीचा डबा उघडून वास घेतला. पिशवी खांद्याला अडकवून पाहिली. ऋतुजाचं ऐकून त्यांचे डोळे भरले.

"बाई, तुमी नसत्या तर माझी पोर आज कुनाच्या तरी चुलीपुढं ऱ्हायली आसती," सरजाबाई म्हणाली. "मांडवात जे झालं ते पोटात घाला. माझा मालक मानूस न्हाई, दगड हाय. मी वर्षभर त्याच्यासंगं धड बोलले न्हाई."

बाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवली.

"सरजाताई, शाळेला सुट्टी होती. लग्नाचं मला काहीच ठाऊक नव्हतं."

"मंग ऋतुजानं फोन केला आसंल."

"तिच्याकडं फोन कुठं होता?"

"मंग कोन सांगितलं तुमाला?"

बाईंनी पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. बाहेर बाजाराला निघालेल्या रिक्षांचा आवाज येत होता.

"नाव घ्यायचं नाही, अशी मला शपथ घातलीय," त्या म्हणाल्या. "हळदीच्या आदल्या दिवशी एक माणूस आला होता. दुपारभर इथंच बसून होता, पाणीसुद्धा घेतलं नाही. रडत रडत सगळं सांगितलं. जाताना हात जोडून म्हणाला, 'बाई, उद्या मांडवात मी तुमाला लई वाईट बोलनार हाव. मनावर घेऊ नगा.'"