महासंगणकाची रांग

देशाच्या नव्या महासंगणकावर बायकांना शिकवायचा वर्ग भरला होता. सगळ्यांची गणितं पडद्यावर नावानिशी रांगेत लागत आणि यंत्र ती एकेक करून सोडवी. संध्याकाळी पाचच्या आत जिचं गणित यंत्रातून सुटून येईल, तिलाच पुढे शिकता येणार होतं. शिवणकाम करणाऱ्या मावशींचं गणित सकाळपासून सुटून आलंच नव्हतं.

"मावशी, रांगेतून तुमचं गणित सारखं काढतंय कोण?" मास्तरीणबाई चक्रावल्या.

"मीच. माझ्यामागे इथल्या मोठ्या साहेबांचं नाव दिसलं, की माझं काढून बाजूला होते."

"अहो, इथे आधी येईल त्याचं आधी!"

"म्हणजे साहेब माझ्यासाठी खोळंबणार?" मावशींना खरंच वाटेना.

त्यांनी गणित पुन्हा रांगेत लावलं. लगेच पडद्यावर त्यांच्यामागे साहेबांचं नाव उमटलं. हात सवयीने गणित काढून घ्यायच्या बटणाकडे निघाला, तशा मावशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.