सत्तावन सालची घरयादी

"आज नाही. बुकरा, उद्या या," काचेमागचा माणूस म्हणाला.

"तुमचा बुकरा चार महिने चाललाय," शरीफा म्हणाली आणि खुर्ची ओढून तिथंच बसली.

ती आखातातल्या फहाहीलच्या एका दवाखान्यात नर्स होती. सुट्टीचा प्रत्येक दिवस ती मिरकाबच्या या जुन्या दफ्तरखान्यात घालवत होती. तिचे नाना, उस्मान, सत्तावन साली इथं लाँचवर खलाशी होते. बंदरात आग लागली, त्यात गेले. राहत कुठं होते, दफन कुठं केलं, नानी कधीच सांगत नव्हती आणि घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात अम्मी दापोलीहून व्हिजिट व्हिसावर येणार होती. वय सदुसष्ट. बापाच्या कबरीवर एकदा हात ठेवायचा, एवढंच तिचं मागणं. नाना राहत होते तो मोहल्ला कळला, तर कब्रस्तान शोधता आलं असतं. आणि मोहल्ला त्या वर्षीच्या जनगणनेत असणार, अशी शरीफाची खात्री होती.

नानीला मात्र हे पसंत नव्हतं. "जाऊ दे गं बाय," ती फोनवर म्हणायची. "मातीत गेलेल्याला कशाला उकरतेस?"

तिचं दुःख शरीफाला कळत होतं. पोरक्या अमिरुन्निसाचा, म्हणजे नानीचा, निकाह मुंबईत झाला आणि नवराबायको तिथूनच बोटीत चढली. सासरच्यांनी अमिरुन्निसाला पहिल्यांदा पाहिलं ते विधवा म्हणून. सहा महिन्यांची लेक कडेवर घेऊन ती दारात उभी होती. पुन्हा लग्नाचं तिनं नाव काढलं नाही. जाळी विणून मुलीला वाढवलं.

बाराच्या सुमारास अशरफ बाहेर आला. हा रायगडचा, जुने अरबी कागद वाचायला इथं नोकरीला होता.

"ताई, तुम्ही काही उठणार नाही, हे साहेबांना पटलं," तो हसत म्हणाला आणि तिला आत घेऊन गेला.

स्क्रीनवर पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो होता. अशरफ ओळीवर बोट ठेवून वाचू लागला.

"मोहल्ला शर्क. उस्मान, खलाशी, वय सव्वीस. बायको अमिरुन्निसा, एकोणीस. मुलगी, एक महिन्याची. घरकामाला असमा, अठरा. सगळे हिंदुस्थानी."

शरीफाचे डोळे भरून आले. सापडलं होतं.

अशरफ थांबला. "इथं नंतर कुणीतरी लाल शाईनं शेरे मारलेत. उस्मान, मयत. पण बायकोच्या नावापुढंही तेच आहे. त्याच्याही आधीची तारीख. ताप, असं लिहिलंय."

"चूक असणार. माझी नानी जिवंत आहे. शहाऐंशी वर्षांची!"

तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"नानी, घर सापडलं! शर्क मोहल्ला. आता कब्रस्तानही शोधते. आणि ऐक, या शहाण्यांनी तुलाही मयत लिहून ठेवलंय!"

 

"कबरी दोन आहेत," नानी म्हणाली. "शेजारी शेजारी. तुझ्या अम्मीला दोन्हींवर हात ठेवायला सांग."

"दोन कशा?"

"त्या घरात असमा म्हणून आणखी एक नाव असेल बघ, बाय. ते माझं."