सोडलेलं दूध

दैवशालानं कॅनमधलं दूध तांब्यात घेतलं आणि उभ्याउभ्याच तोंडाला लावलं. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरला, तरी ती थांबली नाही.

भट्टीवरच्या कढईत खवा हलवणाऱ्या कडूबाईनं घोटांचा आवाज ऐकून मान वळवली. तिच्या हातातलं उलथणं कढईतच राहिलं.

"पोरी, काय करायलीस तू?"

लेकीनं रिकामा तांब्या पुन्हा कॅनमध्ये बुडवला.

"अगं, तुळजापूरच्या पायरीवर हात ठेवून बोललेय म्या. लेक पोलिसात लागंस्तोवर दुधा-दह्याचा थेंब तिच्या तोंडाला लागणार न्हाय. दोन वर्सं पाळलं. आन आता सोमवारी भरतीचं ग्राउंड हाय, तवा मोडायलीस व्हय?"

"मोडू दे."

कडूबाई उठली. तिनं तांब्याला हात घातला. दोघींच्या ओढाओढीत दूध सारवलेल्या भुईवर सांडलं. मागं सरताना दैवशालाचा भार डाव्या पायावर आला आणि ती मटकन खाली बसली. नडगी तिनं दोन्ही हातांनी दाबून धरली.

कडूबाईनं तांब्या सोडला. "सकाळी तालुक्याला, वाशीच्या दवाखान्यात गेलतीस न्हवं? नस दबली आसंल म्हणत हुतीस."

"नस न्हाय."

खांबाला अडकवलेल्या पिशवीकडं दैवशालानं बोट केलं. आत एक्स-रे होता. कडूबाईनं तो काढून भट्टीच्या जाळापुढं धरला. काळ्यात पांढरं हाड. हाडाच्या पुढच्या कडेला एक आडवी काळी रेघ, केसाएवढी.

"हाड चिरलंय," दैवशाला म्हणाली.

"पडलीस कुठं?"

"न्हाय."

"मग आसंच कसं चिरंल?"

"पळून पळून. डॉक्टर मॅडम म्हणल्या, पळण्यानं हाड घट्ट हुतं. पण रोज जेवढं झिजतं तेवढं रोज भरून निघाया पायजे. भरायला पोटात काय तरी पडाया लागतं."

"जेवतीस की."

"भरतीच्या अकॅडमीतले सर म्हणले वजन उतरव, म्हणून येका टायमाला येकच भाकर. मंगळवार-शुक्रवारचा उपास कोऱ्या च्यावर. मॅडमनी इचारलं, घरी म्हशी हायत का? म्हणलं, चार हायत, आमची खव्याची भट्टी हाय. त्या हसल्या. मग दुधाचं इचारलं. मी नवसाचं सांगितलं. मग न्हाय हसल्या."

कडूबाई एक्स-रे जाळापुढं तिरका-सरळ करून बघत होती. जाळाच्या उजेडात रेघ दिसायची आणि नाहीशी व्हायची.

"आन पाळीचं इचारलं," दैवशाला खाली बघत म्हणाली.

श्रावणापासून लेक बाजूला बसली नव्हती. पळण्यात खंड पडू नये म्हणून देवीनंच सोय केली, असं कडूबाईनं जावेला सांगितलं होतं. देवीची ओटीही भरली होती.

"ते बी त्यातलंच हाय म्हणल्या. अंगाला खायला पुरंना झालं की अंग पाळी बंद करतं. पाळी बंद झाली की हाडं पोकळ व्हाया लागत्यात."

"आता औषध काय दिलं?"

"आराम. तीन म्हैने पळायचं न्हाय. पोटभर खायचं."

"आन सोमवारी?"

"पळलीस तर मधनंच तुटंल म्हणल्या."

"येखादं इंजेक्शन..."

"मागितलं. पाया पडले. दुखणं थांबंल, म्हणल्या, पण मग तुटंस्तोवर तुला कळायचं न्हाय."

"मग पुढच्या भरतीला..."

"पुढच्या भरतीला माझं वय बसत न्हाय, माय."

कढईतून करपल्याचा वास येऊ लागला. एरवी कडूबाईला तो वास परसातूनही कळायचा आणि ती धावत यायची. आता ती जागची हलली नाही. तिनं एक्स-रे मांडीवर पसरला, पदराचं टोक बोटावर गुंडाळलं आणि ती रेघ पुसायला लागली. एकदा पुसून उजेडात धरलं. पदर ओला करून पुन्हा पुसलं, या वेळी जरा जोरानं.

"माय, ती आतली हाय," दैवशाला म्हणाली.

कडूबाईचं बोट थांबलं. मग तिनं एक्स-रे बाजूला ठेवला आणि भुईवर पडलेला तांब्या उचलून पदरानं पुसला. काठोकाठ दूध भरून तो लेकीच्या तोंडापाशी नेला.

दैवशाला प्यायली. कडूबाईनं पुन्हा भरला. तोही तिनं रिकामा केला. तिसऱ्या वेळी तिनं तोंड फिरवलं. नडगीवरचा हात काढून पोटावर धरला.

"बास. आता जात न्हाय."

"पी."

"उलटी व्हईल गं."

"हळूहळू पी." कडूबाईनं डाव्या हातानं लेकीची मान मागून धरली, ती लहान असताना औषध पाजायला धरायची तशी. करपलेल्या खव्याचा धूर आता दोघींच्या मधून चालला होता. "सोमवारला आजून चार दिस हायत," ती म्हणाली आणि तांब्या तिरका केला.