टोकन क्रमांक सतरा

सतरा क्रमांकाचा कागद अंबादासजींनी तिसऱ्यांदा तपासला आणि पट्टी खाली ठेवली. चूक सापडत नव्हती.

प्रश्न त्यांनी स्वतःच काढला होता. सहा अक्षरांचे इंग्रजी शब्द, ज्यांत ए, टी, ई ही तीन अक्षरे याच क्रमाने सलग येतात. वेळ अर्धा तास, अनेकवचने बाद. वर्षातली ही शेवटची फेरी होती. गढा वस्तीतल्या मराठी वाचनालयाच्या फळ्यावर यंदा कोणाचे नाव रंगवायचे, ते हिच्यावर ठरणार होते.

बाकीच्या बावीस जणांनी डिबेट, रोटेट, क्रिएट असे शब्द भराभर लिहिले होते आणि शेवटच्या तीन अक्षरांपलीकडे फारसे पाहिलेच नव्हते. सतराने मात्र कागदाचे चार रकाने पाडले होते. तीन अक्षरांचा तुकडा आधी शब्दाच्या पहिल्या घरापासून, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरापासून. दुसऱ्या रकान्यात पेटंट, लेटली. तिसऱ्यात क्रेटर, स्केटर. पहिल्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. म्हणजे शोधले, मिळाले नाही.

ही पद्धत अंबादासजींची होती. संरक्षण कारखान्यात एकतीस वर्षे त्यांनी प्रत्येक सुटा भाग असाच तपासला होता. माप एकेक घर सरकवायचे आणि जिथे काही आढळले नाही, तिथेही खूण करायची. शब्दांचा छंद लागल्यावर त्यांनी तीच रीत तिकडे नेली. ती त्यांनी एकट्या श्रीरंगला शिकवली होती. मुलगा नववीत गेल्यापासून चार वर्षे, रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून, मोठ्या आवाजात. शेगडीवरची पोळी करपेपर्यंत.

आता श्रीरंग सव्वीस वर्षांचा होता. रेल्वेच्या कार्यालयात नोकरी करी, घरातही हिंदीत उत्तरे देई, तीही विचारली तेवढीच. त्याला यातले काही आठवत असेल, असे अंबादासजींना वाटत नव्हते. सतराचा कागद पाहिल्यापासून वाटू लागले होते.

परीक्षकाने नाव ओळखू नये, हा नियम त्यांनीच घातला होता. तांत्रिक महाविद्यालयात त्यांच्या आरेखनाला मिळालेले गुण एका अध्यापकाने कोपऱ्यातले आडनाव वाचून कमी केले होते. ती गोष्ट ते कधी सांगत नसत. पण स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांनी कारखान्यातल्यासारखी पितळी टोकने करवून घेतली. कागदावर केवळ टोकनाचा क्रमांक. एका चौकटीत एक अक्षर, सगळी कॅपिटल, म्हणजे हस्ताक्षरही ओळखू येऊ नये. कोणते टोकन कोणाचे, हे चिटणीस रत्नाकरजींना तेवढे माहीत. फेरी चालू असताना परीक्षकाने घरीच बसायचे.

फेरी महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. त्याच वेळी वाचनालयाशेजारच्या विहारात महिला मंडळाची बैठक भरे. श्रीरंग आईला स्कूटरवरून विहारात नेई आणि तासाभराने दोघे बरोबरच परत येत. मधला वेळ तो कुठे घालवतो, हे अंबादासजींनी विचारले नव्हते.

निकाल न्यायला रत्नाकरजी आले.

“अच्छा, तर पुन्हा सतराच?”

“कोण आहे तो?”

“नियम तुमचा, आणि मी तोडू?”

“उद्या लोक म्हणतील, परीक्षकाने घरच्या माणसाला दिलं.”

“घरचं माणूस आहे, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“शंका आहे.”

“मग अजून कडक तपासा ना भैया. मी बसतो. चहा तर मिळेल?”

अंबादासजींच्या पत्नी कुसुमबाई चहा घेऊन आल्याच होत्या. “काहून इतका वेळ लावून राहिले? सतराचं काय चुकलं?”

“काही चुकत नाही, हीच अडचण आहे.”

“मग तर सजा झालीच पाहिजे,” कुसुमबाई म्हणाल्या. रत्नाकरजींना ठसका लागला आणि बशीतला चहा धोतरावर सांडला.

अंबादासजी हसले नाहीत. चौथ्या रकान्यातल्या एका शब्दाचे शेवटचे अक्षर फिकट उमटले होते. दुसऱ्या कोणाचा असता तर त्यांनी तो ग्राह्य धरला असता. सतराचा त्यांनी कापला. कुसुमबाईंनी कप उचलले आणि त्या आत गेल्या.

कापूनही सतराचे तीस शब्द उरले. दुसऱ्या क्रमांकाचे शब्द तेवीस होते.

पुढच्या रविवारी वाचनालयात नेहमीपेक्षा जास्त गर्दी जमली. महिला मंडळातल्या बायका एवढ्या संख्येने प्रथमच आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत श्रीरंग कडेच्या खुर्चीवर होता. त्याच्या पलीकडे कुसुमबाई. टेबलावर कमानिया गेटजवळून आणलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश ठेवला होता.

अंबादासजींनी चष्मा पुसला.

“नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आपण इथे हिंदी मुलखात राहिलो,” ते म्हणाले. “आपली मुलं शिकतील की नाही, याची तेव्हा आमच्या माणसांना काळजी होती. हा कागद त्यांनी पाहायला हवा होता. माझ्या मनात एक शंका होती, म्हणून मी याला इतरांपेक्षा कडक तपासलं. एक शब्द मुद्दाम कापला. तरी हा सातने पुढे आहे. आता कोणी म्हणू शकणार नाही की हे नाव पाहून दिलं.”

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपला ऊर इतका भरून येईल, असे त्यांना वाटले नव्हते.

“टोकन क्रमांक सतरा,” ते म्हणाले आणि मुलाकडे पाहू लागले.

श्रीरंग जागचा उठला नाही. त्याने गुडघे बाजूला वळवले आणि आईला पुढे जायला वाट करून दिली.