गावाची प्रत

"पुस्तक आहे की आमच्या मोबाईलमध्ये!" निलेशने लांबूनच हात हलवला आणि आपला उंबरा शोधायला तो चिखलात उतरला.

शकूरने पुस्तकांच्या पिशव्या पुन्हा दगडाला टेकवल्या. मे महिन्यात धरणाचं पाणी तळाला गेलं की बुडालेलं गाव थोडे दिवस वर येतं. घरं नाहीत, नुसती जोती आणि उंबरे. चौक, रसायनी, कर्जत अशा गावांना पांगलेली माणसं तेव्हा येतात, आपापल्या उंबऱ्यावर बसून डबे उघडतात आणि हळू आवाजात बोलतात. कोणी झोपलेलं उठू नये तशी. पाण्यावरून वारा आला की वाटतं, आता आतून चहाला हाक येईल.

या गावावर शकूरने पुस्तक लिहिलं होतं. कोणाचं घर कुठे, कोणाच्या दारात कुठलं झाड, सगळं. जुनी माणसं आहेत तोवर सगळ्यांच्या वाचनात यावं म्हणून त्याने ते मोबाईलवर फुकट वाटलं. आवडलं की लोक छापील प्रत घेतीलच, अशी भाबडी आशा. लोकांनी वाचलं, डोळे पुसले, पुढे पाठवलं. छापील प्रत एकानेही घेतली नाही. गठ्ठे पलंगाखाली पडून राहिले. आता मुलगी बाळंतपणाला येणार होती, जागा लागणार होती.

"उद्या रद्दीवाल्याला बोलावलंय," त्याच्या बायकोने, झिनतने, सकाळी सांगितलं होतं. "आज काय खपतंय ते बघा."

ऊन कललं. लोक त्याच्याच पुस्तकातला नकाशा मोबाईलवर उघडून घरं शोधत होते. शकूरला बरंही वाटत होतं आणि वाईटही.

तेवढ्यात काठी टेकत ठमी आली. गावाच्या कडेला ठाकर आदिवासींची वाडी होती, तिथली.

"एक मला दे रं, शकूर."

"मावशे, तुला कुठं वाचता येतं?"

"सुनेनं मोबाईलवर वाचून दावलं. समदं ऐकलं." तिने पदराची गाठ सोडली.

पहिली प्रत! शकूरने ती दोन्ही हातांनी पुढे केली. ठमी पुस्तक घेऊन आपल्या जोत्यापाशी गेली. खाली बसली. पुस्तक उंबऱ्याशी ठेवून तिने वर सपाट दगड ठेवला.

शकूर धावला. "अगं, पाणी चढलं की भिजून लगदा होईल!"

"होऊ दे. तुमी समद्यांनी गाव मोबाईलमंदी घालून घरी नेलं. गावाला कोन काय देनार? त्याला बी कळू दे, आमी इसरलो नाय."

निलेश दोन जोती सोडून उभा होता. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि चिखल तुडवत आला.

"शकूरभाय, एक द्या."

मग दुसरा आला, तिसरी आली. बघता बघता उंबऱ्याउंबऱ्यावर दगडाखाली प्रती गेल्या आणि पिशव्या रिकाम्या झाल्या. शेवटची प्रत शकूरने स्वतःच्या उंबऱ्यावर ठेवली आणि दगड शोधायला वाकला, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला घरी आल्यासारखं वाटलं.

दिवेलागणीला झिनतने रिकाम्या पिशव्या पाहिल्या आणि तिचा विश्वासच बसेना. "सगळी गेली? म्हणजे लोकांना वाचायला कागदच लागतो तर!"

"नाय गं," शकूर पायाचा चिखल धूत हसला. "वाचायला एकानंबी घेतलं नाय."